घसाऱ्याचा डोंगर

इन्फर्नो कोन चढायला पंधरा मिनिटं लागतात. गाडीतळापासून माथ्यापर्यंतची वाट सुमारे तीनशे मीटर, चढ ४९ मीटरचा. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, ‘क्रेटर्स ऑफ द मून’ या राष्ट्रीय स्मारकात ही काळी टेकडी आहे. माथा समुद्रसपाटीपासून १,८८४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरहून जास्त वर. पण त्यातली जवळपास सगळी उंची गाडीनेच चढलेली असते. सह्याद्रीत पाय मुरलेला माणूस हे आकडे ऐकून हसतो आणि आहे त्या चपलांवर निघतो. पन्नास पावलांत चपलेत खडे शिरतात, शंभर पावलांत दम लागतो, आणि माथा मात्र मघाशी होता तेवढाच लांब दिसत राहतो.

यात त्याच्या तब्येतीचा दोष थोडा आणि समजुतीचा जास्त. आपल्याकडे घसारा म्हणजे कातळावर साचलेला मुरूम. पाय सटकला तरी खाली कातळ असतो, बाजूला कारवी असते, गवताचं एखादं बेचकं हाताला लागतं. कितीही वाईट असला तरी घसारा हा वाटेतला एक टप्पा. तो संपला की पुन्हा घट्ट जमीन. इन्फर्नो कोनवर घसाऱ्याच्या खाली घसाराच आहे. धरायला काही नाही, टेकायला काही नाही. कुठे पाय ठेवायचा, किती वाजता चढायचं, कुठे मुळीच जायचं नाही, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

ही खडी आली कुठून, ते आधी पाहू. बेसॉल्टचा रस वर येताना त्यात विरघळलेला वायू सुटू लागतो आणि रसाचा फेस होतो. मग भेगेतून कारंजं उडतं. या भागात अशी कारंजी साडेचारशे मीटरपर्यंत उडाली असावीत, असं भूशास्त्रज्ञ मानतात. फेसाचे थेंब हवेतच थिजतात आणि खडी होऊन मुखाभोवती पडतात. ढीग वाढत जातो. वारा असेल तर ढीग एकाच बाजूला जास्त वाढतो, म्हणून अशा टेकड्या पुष्कळदा लंगड्या दिसतात. हा ढीग किती झपाट्याने उभा राहतो याचा डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा मेक्सिकोतला आहे. २० फेब्रुवारी १९४३ रोजी दियोनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुतिन जन्माला आला. वर्षभरात तो ३३६ मीटर उंच झाला, आणि १९५२ मध्ये कायमचा थांबला. असा शंकू बहुधा एकदाच पेटतो. म्हणून इन्फर्नो कोन चढताना ‘आत्ता फुटला तर?’ ही चिंता नको. त्याच्या आजूबाजूच्या भेगांबद्दल मात्र तसं छातीठोक सांगता येत नाही. इथे गेल्या पंधरा हजार वर्षांत आठ वेळा उद्रेकांचे हंगाम येऊन गेले, शेवटचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी.

त्या खडीचा एक तुकडा वाटेवरच हातावर घेऊन पाहावा. वीटभट्टीतल्या खंगरासारखा तो दिसतो: वेडावाकडा, भोकाभोकांचा, कडांना काचेसारखी धार. आकारावरून जेवढं वजन वाटतं त्याच्या निम्मंही भरत नाही. भोकांमधल्या भिंती इतक्या पातळ की बोटाने दाबल्या तर कड मोडते. काही तुकडे काळे, काही विटकरी. विटकरी रंग म्हणजे खडी गरम असतानाच तिच्यातल्या लोहाला लागलेला गंज. पाहून झालं की तुकडा होता तिथेच ठेवायचा. इथून दगड उचलून नेणं बेकायदेशीर आहे.

सैल खडीचा ढीग स्वतःच्या वजनाने एका ठरावीक उताराला येऊन थांबतो. सिंडरच्या, म्हणजे या भोकाभोकांच्या ज्वालामुखी खडीच्या, बाबतीत हा उतार साधारण ३० ते ३४ अंशांचा. त्याहून तीव्र झाला की खडी आपोआप घरंगळते. ताज्या शंकूची बाजू याच काठावर टेकलेली असते, म्हणजे वरून एका माणसाचं वजन आलं तरी तोल बिघडायला पुरे. इन्फर्नो कोनच्या वाटेचा उतार सरासरी ९ अंशांच्या आसपास आहे, म्हणून तिथे माणसांना चढू देतात आणि म्हणूनच लहान मुलं, आजीआजोबाही वर पोहोचतात. त्याच जातीचे, पण तीव्र उताराचे शंकू चढायचे असतील तर कॅलिफोर्नियात लॅसन ज्वालामुखी उद्यानात ‘सिंडर कोन’ नावाचाच दोनशे मीटरहून उंच शंकू आहे. तिथे दोन पावलं वर गेलं की एक पाऊल मागे, हा हिशोब सबंध चढभर चालतो.

उतार इतका सौम्य असूनही दम लागतो, कारण पाऊल दाबलं की खडी मागे सरते. एरवी पायाच्या बोटांनी जमीन मागे ढकलून आपण पुढे जातो. इथे जमीनच मागे जाते, आणि लावलेली बरीचशी ताकद खडी हलवण्यात खर्च होते. त्यात या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळपास एक पंचमांशाने कमी. मुंबईहून दोनच दिवसांपूर्वी उतरलेल्या माणसाला हे जाणवतंच. वर नजरेची फसवणूक वेगळी. टेकडीचा आकार फुगीर, गुळगुळीत. त्या फुगवट्याआड खरा माथा लपतो आणि समोर दिसते ती कड माथा वाटते. तिथे पोहोचलं की आणखी एक कड. मापाला झाड नाही, घर नाही, माणूस असलाच तर ठिपक्याएवढा. अंतराचा अंदाज इथे सगळ्यांचाच चुकतो.

पाऊल टाकायची रीत साधी आहे, फक्त सवयीच्या उलट आहे. नेहमीच्या निम्म्या लांबीचं पाऊल. टाच आणि चवडा एकदम टेकवायचे, पूर्ण तळवा सपाट. वजन टाकण्याआधी क्षणभर थांबायचं. तेवढ्यात खालची खडी दबून बसते. मग वजन पुढे न्यायचं. चवड्याने रेटा द्यायचा नाही, रेटा दिला की खड्डा पडतो आणि पाय त्यात मागे येतो. आधीच्या माणसांच्या पावलांनी खडी जिथे दबली आहे तिथेच पाय ठेवावा. बऱ्याच जणांना वाटेच्या कडेची न तुडवलेली खडी स्वच्छ म्हणून बरी वाटते. चालायला ती सगळ्यांत वाईट. नागमोडी चढण्याचा मोहही आवरावा. घाटात ती युक्ती चालते, इथे तिने फक्त वाट रुंदावते. काठी वापरायची असेल तर टोकाजवळ रुंद चकती असलेली घ्यावी, नाहीतर काठी वीतभर आत जाते आणि ती उपसून काढण्याचंच काम होऊन बसतं.

बूट घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे. जाळीचे धावायचे बूट हलके वाटतात, पण बारीक कच जाळीतून सरळ आत येते आणि मोजा ओला असेल तर परत येईपर्यंत टाचेला फोड उठवते. पायमोजा पँटच्या बाहेरून वर ओढून घेतला तरी बरंच काम भागतं. हौस असेल त्यांनी गेटर, म्हणजे बूट आणि पोटरी झाकणारी कापडी पट्टी, घालावेत. चपला, सँडल, क्रॉक्स ही तीन पादत्राणं गाडीतच बरी. यलोस्टोनच्या सहलीला जोडून इथे येणाऱ्या मराठी कुटुंबांत आईबाबा भारतातून आलेले असतात, आणि त्यांच्यासाठी ही वाट ‘पाच मिनिटांची तर आहे’ म्हणून खपवली जाते. गुडघे दुखरे असतील तर चढण्यापेक्षा उतरणं त्यांना जड जाईल, हे आधीच सांगावं. आणि पदर, ओढणी खोचून घ्यायला सांगावी. दुपारी इथला वारा थट्टा करत नाही.

वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारनंतर जोर धरतो. माथ्यावर अडोसा नाही. टोपीला दोरी हवी, डोळ्यांवर चष्मा हवा. बारीक कच डोळ्यांत गेली तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं. आकाशात ढग चढू लागले आणि गडगडाट ऐकू आला की माथा ताबडतोब सोडायचा. त्या उघड्या टेकडीवर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता, आणि तिथल्या एकाकी पाइनखाली उभं राहणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

उन्हाळ्यात वेळ पाळणं सर्वांत महत्त्वाचं. हवा तिशीत असली तरी काळ्या खडीचा वरचा थर ६५ अंश सेल्सिअसच्या वर तापतो. बसायला गेलं तर चटका बसतो, मूल पडलं तर तळहात भाजतो. गंमत अशी की ही उष्णता खोल जात नाही. भोकाभोकांच्या खडीत हवा कोंडलेली असते आणि हवा उष्णता पुढे नेत नाही. वाटेवर कुणाच्या बुटाने उकरलं गेलेलं असेल तिथे चार बोटं खालची खडी हाताला गार लागते. पण पाय चालतात ते वरच्या थरावर. तेव्हा सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. जूनजुलैत तिथे उजेड रात्री नऊपर्यंत असतो, त्यामुळे संध्याकाळची वेळ मुळीच अडचणीची नाही. पाणी अभ्यागत केंद्रात भरून घ्यावं. टेकडीच्या पायथ्याशी नळ नाही. अकरा किलोमीटरचा फेरीरस्ता हिवाळ्यात बर्फामुळे गाड्यांना बंद असतो, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल.

पाण्यावरून आठवलं. या टेकडीवर ओहोळ नाही, घळ नाही, पावसाने कापलेली एकही रेघ नाही. पाऊस आणि वितळलेला बर्फ पडल्या जागी खडीत जिरतो. वाहायला पाणीच उरत नसल्यामुळे टेकडी झिजत नाही, आणि हजारो वर्षांनीही तिचा आकार काल ओतलेल्या ढिगासारखा राहतो. झाडांच्या दृष्टीने मात्र हाच शाप. दक्षिणेकडच्या तापणाऱ्या उतारांवर जवळजवळ काही नाही. उत्तरेकडे बर्फ उशिरापर्यंत टिकतो, तिथे पाइन आणि झुडपं दिसतात. माथ्यावरून आजूबाजूचे शंकू पाहिले की प्रत्येकाची एक बाजू उघडी आणि एक झाकलेली, हे लगेच लक्षात येतं.

उघड्या खडीवर थोड्याथोड्या अंतराने राखाडी-रुपेरी गाद्या दिसतात. तळहाताएवढ्या, दाट, बारीक लव असलेल्या पानांच्या. हे इथलं खुजं बकव्हीट, एरिओगोनम प्रजातीतलं. झाडं इतक्या सारख्या अंतरावर असतात की कुणी दोरी धरून लावली असावीत असं वाटतं. कारण जमिनीखाली आहे. वर बोटभर उंच दिसणाऱ्या रोपाची मुळं खडीत जवळजवळ मीटरभर पसरलेली असतात, आणि प्रत्येक रोप आपल्या परिघातलं पाणी दुसऱ्याला मिळू देत नाही. दोन रोपांमधली जागा मोकळी दिसते म्हणून फोटोसाठी लोक नेमके तिथे पाय ठेवतात. ती जागा मुळीच मोकळी नसते. जूनमध्ये त्याच काळ्या खडीवर अंगठ्याहूनही बुटक्या मंकीफ्लॉवरची गडद गुलाबी फुलं येतात, तेव्हा तर वाट सोडून खाली बसणाऱ्यांची रांग लागते. वाटेवरूनही ती छान दिसतात, थोडं वाकावं लागतं एवढंच.

वाट सोडल्याने काय होतं त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफजवळ आहे. तिथला सनसेट क्रेटर हा ३०० मीटरहून उंच शंकू, जेमतेम हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातला. त्याच्या बाजू वर सांगितलेल्या काठावरच्या उताराला टेकलेल्या. लोक तो चढत. प्रत्येक पावलागणिक थोडी खडी खाली येई, रिकाम्या जागेत वरची खडी घसरे, वाट खचे. खचलेल्या वाटेतून चालणं अवघड म्हणून लोक शेजारून चालत, आणि तिथेही तेच. उतारावर लांबून दिसतील अशा खोल घळी पडल्या. कोरड्या मुलखात व्रण तसाच राहतो. १९७३ मध्ये तो शंकू चढण्यावर बंदी आली, ती आजही आहे. त्याच सनसेट क्रेटरवर १९२८ मध्ये एका चित्रपट कंपनीला दरड कोसळण्याच्या दृश्यासाठी सुरुंग लावायचे होते. स्थानिक लोकांनी विरोध केला, आणि १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. सुरुंगापासून वाचलेला डोंगर पुढे चाळीसएक वर्षांत बुटांनी खचला. इन्फर्नो कोनवरची ‘मळलेल्या वाटेनेच चला’ ही पाटी मला म्हणूनच कटकट वाटत नाही.

आता माथा. दक्षिणेला बिग सिंडर ब्यूट दिसतो, सातशे फुटांहून उंच. निव्वळ बेसॉल्टच्या सिंडर शंकूंमध्ये जगातल्या मोठ्यांपैकी एक. त्याच्यासकट सगळे शंकू एका रेषेत उभे आहेत, आणि ती रेष म्हणजे ‘ग्रेट रिफ्ट’, ऐंशी किलोमीटरहून लांब भेगांचा पट्टा. नकाशावर हे नाव वाचून काही कळत नाही; इथून तासभर भूगोल शिकवल्यासारखं एका नजरेत कळतं. पूर्वेला सपाट मैदानातून एकच मोठा डोंगर वर आलेला दिसतो, तो बिग सदर्न ब्यूट. लांबून तोही याच जातीचा वाटतो, पण तो रायोलाइटचा आहे: घट्ट, चिकट रसाचा घुमट, सुमारे तीन लाख वर्षांचा. हवा स्वच्छ असेल तर त्याच्याही पलीकडे, दोनशे किलोमीटरहून लांबची टेटॉन पर्वतरांगेची शिखरं उमटतात. वायव्येला पायोनियर पर्वत.

दख्खनच्या माणसाला हा देखावा परका वाटायचं कारण नाही, तरी वाटतो. दगड तोच, बेसॉल्ट. आपलाही रस भेगांतूनच आला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि दोरखंडासारख्या वळ्या पडलेला लाव्हा इथल्याप्रमाणे महाराष्ट्रातही सापडतो. पण आपल्याकडे पाऊस आणि नद्या कोट्यवधी वर्षं कोरत आल्या आहेत. आपले डोंगर म्हणजे थरांवर थर साचून मग कापले गेलेले अवशेष. त्यांच्यावर ढिगाचा शंकू शोधून सापडत नाही. इथे डोंगर ओतला गेला तसाच पडून आहे.

स्मारकाचं नाव मात्र जरा दिशाभूल करणारं. ते रूढ झालं त्या काळात चंद्रावरची विवरं ज्वालामुखींची असावीत असं पुष्कळांना वाटे. ती बहुतेक सगळी उल्कापाताची आहेत, हे नंतर पक्कं झालं. बेसॉल्टमध्ये उल्केने पाडलेलं, चंद्रावरच्या विवरांशी खरं नातं सांगणारं विवर पाहायचं तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जायला हवं. तरीही ऑगस्ट १९६९ मध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिशेल, यूजीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर आयडाहोतल्या याच खडकांवर आले होते. वैमानिक म्हणून घडलेल्या माणसांना ज्वालामुखीचे खडक ओळखायला आणि नेमक्या शब्दांत सांगायला शिकवायचं, हा त्यामागचा हेतू. हा मुलूख लोकांसमोर आणला रॉबर्ट लिंबर्ट यांनी. १९२० मध्ये ते एका सोबत्याला आणि कुत्र्याला घेऊन लाव्हातून पायी निघाले. धारदार खडकांनी कुत्र्याचे पाय इतके कापले की पुढे त्याला उचलून न्यावं लागलं. १९२४ मध्ये स्मारक जाहीर झालं. आज इथल्या पायवाटांवर कुत्र्यांना मनाई आहे, आणि लिंबर्टचा कुत्रा आठवला की त्याबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

उतरताना लोक पळतात. मुलं तर पळतातच. खडी पायाखालून वाहते, वेग आपोआप येतो, मजा वाटते. पण थांबायचं म्हटलं तर खाली रोवायला काही नसतं. उतरायची रीत अशी: गुडघे किंचित वाकलेले, टाच आधी आणि ठाम रोवायची, धड सरळ टाचेवर. भीतीने मागे झुकलं की पाय पुढे सटकतो, माणूस बसतो आणि हात मागे टेकवतो. सगळ्या जखमा त्याच तळहातांना आणि कोपरांना. खरचटलं तर जखम भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी आणि रुतलेले काळे कण चिमट्याने काढावेत. आत राहिले तर जखम भरते, पण त्वचेखाली गोंदल्यासारखा डाग राहतो. म्हणजे अर्धा लिटर पाणी जखमेसाठी वेगळं ठेवलेलं बरं.

फोटो काढणाऱ्यांसाठी एवढंच: चौकट भरून काळी जमीन असली की कॅमेरा ती उजळ करायला जातो आणि आकाश पांढरं पडतं. प्रकाश एक-दोन टप्पे कमी करावा. तिपाईचे पाय खडीत आधी दाबून बसवावेत, मगच कॅमेरा लावावा.

खाली आल्यावर बूट गाडीत बसण्याआधी काढून वाटेवरच झटकावेत. पुढचा थांबा रस्त्याने दोन मिनिटांवर आहे, स्पॅटर कोनचा. तिथे घसारा नाही. वायू संपत आल्यावर रस उंच उडेनासा झाला, जवळच पडून एकमेकांना चिकटला, आणि पन्नास फुटांहूनही बुटके, घट्ट धुराडे तयार झाले. त्यांपैकी स्नो कोनच्या मुखात वाकून पाहिलं तर भर उन्हाळ्यातही तळाशी बर्फ असतो. आवारात पेट्रोल मिळत नाही. ते २९ किलोमीटरवरच्या आर्को गावातच भरावं. अणुविजेवर उजळलेलं जगातलं पहिलं गाव म्हणून ते मिरवतं, तारीख १७ जुलै १९५५.